चार वाजता घरी नेणाऱ्या निर्मलाताई

निर्मलाताईंच्या पिशवीत कायम सात-आठ माणसं असायची. हे माझं म्हणणं नाही, त्यांचंच. मुलुंडहून बसनं यायच्या, आणि बसमध्ये कोणी म्हणालं, "मावशी, पिशवी खाली ठेवा ना, बसायला होईल," तर शांतपणे सांगायच्या, "माणसं आहेत हो आत. खाली कशी ठेवू?" मग विचारणारा आपोआप पुढच्या सीटवर सरकायचा.

पिशवीत ब्लाउजपिसांच्या उरलेल्या तुकड्यांच्या शिवलेल्या छोट्या थैल्या असायच्या आणि प्रत्येक थैलीत काडेपेटीएवढा एक गाणी वाजवायचा प्लेअर. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कॉलेजची पोरं गळ्यात अडकवून हिंडायची, तसला. थैल्यांवर नावं नव्हती. पोपटी थैली म्हणजे अंधेरीच्या एक रिटायर्ड मुख्याध्यापिका, ठिपक्याठिपक्यांची म्हणजे घाटकोपरचे एक कापडवाले शेठ. आमच्या अण्णांच्या वाट्याला केशरी जरीकाठाचा तुकडा आला होता. "यांना रुबाब आहे," असं त्यांनी अण्णांना पहिल्यांदा पाहिल्यावर म्हटलं होतं. अण्णा तेव्हा बनियनवर टाय बांधून दारात उभे होते. टाय माझा होता.

ते दारात का उभे होते, हे सांगायला हवं, कारण निर्मलाताई आमच्या घरी आल्या त्या त्याचसाठी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कोकणातून येऊन गिरणीत लागले होते. गिरणी जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या मुलीला गिरणीचं नाव कपड्याच्या दुकानाचं वाटतं. ऐंशी उलटल्यावर अण्णांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग आम्ही. दिवसभर तसे गप्प बसायचे. पण दुपारी चारच्या सुमाराला उठायचे, हाताला लागेल ते अंगावर चढवायचे आणि दाराशी जाऊन म्हणायचे, "मी घराक जातंय." चारकोपच्या ज्या घरात ते तीस वर्षं राहत होते, त्याच घरातून घरी. आम्ही कडी लावायचो, ते कडीशी झटायचे. मी समजावायचो, "अण्णा, हेच घर आहे. हा बघा तुमचा पंखा." पंखा दाखवून माणसाला घर पटवून देता येतं असं मला का वाटलं, देव जाणे. एकदा त्या झटापटीत आई मध्ये आली आणि पडली. तिच्या मनगटाला प्लास्टर लागलं.

माझा धाकटा भाऊ प्रकाश पवईला राहतो आणि इंजिनियर आहे, त्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. त्यानं बदलापूरच्या पुढे एक संस्था शोधली. स्वच्छ, हवेशीर, नर्सबिर्स. दोन महिन्यांनी जागा मिळत होती. आई म्हणाली, "माका विचारतलास तर हे खंय जावचे नाय." पण प्लास्टरातला हात दुसऱ्या हातानं धरून म्हणाली, त्यामुळे तिच्या बोलण्यात जोर राहिला नाही. माझ्याकडे दोन महिने होते. तेवढ्यात अण्णांचे चार वाजायचे थांबले तर ते घरी राहणार, नाहीतर जाणार.

मालाडला विसरभोळ्या ज्येष्ठांसाठी एक दुपारचं केंद्र आहे. तिथल्या डॉक्टरांनी मला निर्मलाताईंचं नाव दिलं. म्हणाले, "म्युझिक थेरपिस्ट आहेत." मी आपला पांढरा कुर्ता, तानपुरा, डोळे मिटलेली एखादी तेजस्वी बाई, असं काहीतरी मनात घेऊन गेलो. प्रत्यक्षात एक साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, जाड काचेचा चष्मा घातलेल्या बाई एक-एक फुटाणा खात बसल्या होत्या. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, रिटायर झाल्यावर रीतसर दोन वर्षं हे शिकल्या. "आयुष्यभर लोकांचं चोरून ऐकलं," म्हणाल्या, "आता परवानगीनं ऐकते."

मी मोठ्या उत्साहानं त्यांच्यासमोर यादी ठेवली. अठ्ठावीस भक्तिगीतं. त्यांनी ती वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ही अण्णांनी सांगितली?"

"नाही, मीच काढली. वय झालं ना त्यांचं."

"वय झालं की माणूस देवळात राहायला जातो का, विजयभाऊ?" त्यांनी एक फुटाणा तोंडात टाकला. "मला पंधरा ते पंचवीस या वयातले अण्णा सांगा. कुठे राहायचे, कोणाबरोबर जेवायचे, संध्याकाळी काय करायचे."

मुलीच्या तिन्ही मैत्रिणींची नावं मला पाठ, शेजारच्या कुत्र्याच्या इंजेक्शनची तारीख पाठ. अण्णांबद्दल मला माहीत होतं ते सगळं माझ्या जन्मापासून सुरू होत होतं. त्याआधी हा माणूस बहुतेक माझीच वाट बघत बसला असावा, अशी माझी समजूत.

तरी आपलं म्हणणं सोडवत नाही ना. पहिल्या भेटीला त्या घरी आल्या तेव्हा मी गळ घातली, एकदा माझी यादी लावून बघा. त्यांनी लावली. अण्णांनी दोन मिनिटं ऐकलं, हेडफोन काढला, नीट घडी घातल्यासारखा केला आणि पाण्याच्या तांब्यात ठेवला. वर फुलपात्र झाकलं. निर्मलाताईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं, "मत स्पष्ट आहे."

नंतरच्या तीन भेटींत त्यांनी काहीच वाजवलं नाही. चारला येऊन अण्णांच्या शेजारी बसायच्या, त्यांचे पाय बघायच्या. माझी बायको मनीषा स्वयंपाकघरात मला म्हणाली, "अहो, ह्या करतात काय नक्की? आमच्या ऑफिसात असं बसून राहिलं तर मेमो देतात." मी जाऊन आडून आडून विचारलं. म्हणाल्या, "होल्ड करा." हा त्यांचा जुन्या नोकरीतला शब्द. कोणी मध्ये बोललं की तळहात वर करून "होल्ड करा" म्हणायच्या आणि समोरचा खरोखर गप्प व्हायचा. माझ्या पंचवीस वर्षांच्या संसारात मला हे जमलेलं नाही.

मी मोबाइलचंही सुचवून पाहिलं. म्हटलं, "ताई, हे जुने डबे कशाला वागवता? मोबाइलवर सगळी गाणी फुकट आहेत."

"आहेत ना. आणि मध्येच एक बाई येऊन विचारते, ठाण्याला फ्लॅट घ्यायचाय का. तुमचे वडील आत्ताच कुठे वीस वर्षांचे झालेले असतात, त्यांना फ्लॅट दाखवून कसं चालेल? ह्या डब्याला फोन येत नाही, जाहिरात येत नाही, स्क्रीन नाही. ह्याला फक्त गाता येतं."

गाण्याला त्या घाबरायच्याही. हे मला उशिरा कळलं. एकदा केंद्रावर त्यांची वाट पाहत बसलो होतो, तेव्हा त्या पोपटी थैलीवाल्या मुख्याध्यापिकाबाई आल्या होत्या. निर्मलाताईंनी त्यांच्या प्लेअरला दुभागणारी पिन लावली, म्हणजे एकाच डब्यातून दोन हेडफोन निघतात. एक बाईंच्या कानाला, एक स्वतःच्या. ही त्यांची पद्धत. पेशंटला एकट्याला ऐकायला कधीच सोडायच्या नाहीत. "लाइनवर मी असते," म्हणायच्या. मुख्याध्यापिकाबाई छान मान डोलवत होत्या. मग एक गाणं सुरू झालं आणि त्यांचा चेहरा पार उतरला. आवाज न करता रडायला लागल्या. निर्मलाताईंनी त्याच क्षणी बटण दाबलं, त्यांचा हात धरला आणि अर्धा तास तशाच बसून राहिल्या. दुसरं काही लावलं नाही. त्या गाण्याचा आणि बाईंच्या गेलेल्या मुलाचा काही संबंध होता, तो घरच्यांना सांगायचा राहिला होता. परतताना निर्मलाताई मला म्हणाल्या, "लोक म्हणतात गाण्यानं काय होणार आहे, झालं तर बरंच होईल. तसं नसतं हो. लागतं ते. मग कुठे लागेल ते आधी बघायला नको?" त्या दिवशी त्यांनी फुटाणे खाल्ले नाहीत.

आमच्या अण्णांचे पंधरा ते पंचवीस अखेर त्यांनीच शोधून काढले. आईला नुसतं आठवत होतं की लग्नाआधी अण्णा गिरणगावात एका खोलीत गाववाल्यांबरोबर राहायचे, आणि त्यातला एक बाबल अजून आहे, मालाडला मुलाकडे. मी बाबलकाकांना लग्नकार्यात पाहिलं होतं, तेही पंगतीत. निर्मलाताई सरळ त्यांच्या घरी गेल्या. मीही गेलो, नाइलाजानं, कारण पत्ता माझ्याकडे होता.

बाबलकाका खाटेवर पडून होते, पण आवाज शाबूत. "सदा?" म्हणाले. अण्णांना ते सदाच म्हणत. "सदाक गाणा येय नाय, पण सुटलो की गायल्याशिवाय रवायचो नाय." मग त्यांनी जे सांगितलं ते मी बावन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. पहिली पाळी साडेतीनला सुटायची. हातपाय धुवून चारच्या सुमाराला आठ-दहा जण गेटातून बाहेर पडायचे आणि खोलीपर्यंत चालत जायचे. चालताना गायचे. त्यांच्या खोलीची भजनाची मंडळी होती, पण देव्हाऱ्यापुढचं संथ भजन नव्हे. दोन पक्ष समोरासमोर बसून एकमेकांची खेचतात ना, तसलं. त्याची तालीम रस्त्यात चालायची. गेटापाशी जोरात गजर सुरू व्हायचा, भाजीवाल्यांपाशी तो जरा सैल व्हायचा, आणि खोलीचा जिना येईपर्यंत दमून नुसतं गुणगुणणं उरायचं.

निर्मलाताई इतका वेळ वही मांडीवर मिटून बसल्या होत्या. हळूच माझ्याकडे वळल्या.

"तुमचे अण्णा घर सोडून जात नाहीयेत, विजयभाऊ. कामावरून सुटतायत."

इतके महिने आम्ही पाळी सुटलेल्या माणसाला गेट बंद करून आत कोंडत होतो.

त्यांनी तिथेच बाबलकाकांचा आवाज रेकॉर्ड केला. तीन दुपारी जाऊन. काका दमायचे, खोकायचे, पाणी प्यायचे, पुन्हा सुरू व्हायचे. सुरुवातीलाच त्यांनी दणकून हाक घातली होती, "सदा! चल रे मेल्या, भूक लागली हा!" मी म्हटलं, माझ्या मुलीला सांगून खोकला काढून टाकू, आता कॉम्प्युटरवर होतं सगळं. ताई म्हणाल्या, "त्यांचा खोकला तुम्ही कोण काढणार?"

अशी अकरा तुकड्यांची अण्णांची यादी झाली. पहिले चार धावते, पुढचे चार चालते, शेवटचे तीन बसते. हे त्यांचेच शब्द. "चार वाजता माणूस आतून पळत असतो," त्यांनी समजावलं. "त्याला शांत गाणं लावलं की ते कडी लावल्यासारखंच झालं. आधी त्याच्याबरोबर पळायचं. मग हळूच चालायला लागायचं. मग बसायचं. क्रम मोडायचा नाही." एकूण छत्तीस मिनिटं. आमच्या सेक्टरला वळसा घालून परत गेटाशी यायला किती लागतात, हे त्या घड्याळ लावून एकट्याच चालून आल्या होत्या. तेहतीस लागली. म्हणून डेअरीपासचं वळण वाढवलं.

पहिल्या दिवशी चारला अण्णा उठले, मनीषाची ओढणी खांद्यावर टाकली आणि दाराशी गेले. मी सवयीनं कडीकडे धावलो. "होल्ड करा," ताई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दार सताड उघडलं. अण्णा गोंधळले. इतके दिवस ढकलायला काहीतरी असायचं. ताईंनी त्यांच्या कानाला हेडफोन लावला, दुसरा स्वतःच्या कानाला, केशरी थैली अण्णांच्या खिशात सरकवली, आणि दोघं निघाली.

मी दहा पावलं मागे होतो. मला काही ऐकू येत नव्हतं. मला फक्त दिसत होतं. हेडफोनमधून हाक आली असावी, कारण अण्णा थबकले, मान वर केली आणि एकदम तरातरा चालायला लागले. ऊन कलतं झालं होतं, रस्त्याकडेच्या झाडांची सावली त्यांच्या पाठीवरून सरकत होती. दोघांच्या मध्ये ती काळी वायर झोके घेत होती. क्लासला निघालेली मुलं, गाडीवर कैऱ्या कापणारा माणूस, इस्त्रीवाला, सगळ्यांच्या मधून ही दोन माणसं कुठल्या तरी दुसऱ्याच रस्त्यानं चालली होती. त्या रस्त्यावर माझे वडील वीस वर्षांचे होते, त्यांना भूक लागली होती आणि त्यांच्या मागून चालणाऱ्या पन्नाशीच्या टकल्या माणसाचा अजून पत्ताच नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, आपण जरा आणखी मागे राहावं, उगाच दिसू नये.

डेअरीपाशी त्यांची चाल मंदावली. बागेपाशी आणखी. आमच्या गेटाशी आले तेव्हा अण्णांनी स्वतःच हेडफोन काढला, दोन जिने चढले, उंबऱ्यात चपला सोडल्या आणि आत आवाज दिला, "इलंय गो!"

आई एका हातानं पीठ मळत होती. तिचा हात थांबला. महिनोन्‌महिने ते तिच्याशी बोललेच नव्हते. मग तीसुद्धा, जणू कालपर्यंत रोज असंच चाललं होतं अशा आवाजात म्हणाली, "इलास? पाय धुवा, चाय ठेवतंय."

"लाइन लागली," निर्मलाताई पुटपुटल्या आणि चहा न घेता निघून गेल्या. लाइन लागली की ऑपरेटरनं थांबायचं नसतं म्हणे.

पंधरा दिवस हे सुरळीत चाललं. आठवड्यातून दोनदा ताई यायच्या, बाकीचे दिवस मी ऑफिसातून लवकर निघून अण्णांबरोबर चालायचो. आता एवढं छान चाललेलं असताना त्यात सुधारणा करायची बुद्धी कोणाला होईल? मला झाली. मला वाटलं, तीच ती अकरा गाणी, अण्णा कंटाळत असतील. रविवारी सकाळी मुलीच्या लॅपटॉपवर बसून मी त्या डब्यात आणखी तीनशे गाणी भरली आणि कोणतंही गाणं कधीही लागेल असं बटण सरकवून ठेवलं. ताईंना सुखद धक्का द्यायचा होता.

त्या दिवशी चारला निघालो. सुरुवात बरी झाली. बागेपाशी एक संथ गाणं लागलं, अण्णा सैलावले, आणि त्यावर ताबडतोब गेटापाशीचा गजर सुरू झाला. अण्णा दचकले आणि सुटले. मग लावणी, मग परत बाबलकाकांची हाक. एका वायरीनं बांधलेले आम्ही दोघे चारकोपच्या मार्केटमधून धावत होतो, पुढे अण्णा, मागे मी, माझी एक चप्पल कोथिंबिरीच्या गाडीखाली. वायर तुटली तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की डबा बंद करता आला असता.

अण्णा थांबले ते इंडस्ट्रियल इस्टेटच्या गेटापाशी. ते गेट घट्ट धरलं आणि सोडेनात. रविवार असूनही एका गाळ्यातली माणसं सुटत होती, ती गोळा झाली. अण्णा गेटाला कपाळ लावून "आत घेवा," म्हणत होते. मी प्रकाशला फोन केला नाही, पण आमच्या सोसायटीतल्या कोणीतरी केला. मी ताईंना केला.

त्या मुलुंडहून रिक्षानं आल्या. तासभर तरी लागला. तोवर अण्णा गेटाला आणि मी अण्णांना धरून उभे होतो. ताईंनी डबा हातात घेतला, बटण पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वायर तुटलीय. आता तुम्ही गा," म्हणाल्या.

"मी? तुम्ही गा ना, ताई. तुम्ही शिकलेल्या."

"माझा आवाज त्यांच्या कुठल्याच आठवणीत नाही. तुम्ही पंधरा दिवस ऐकलंय ते. क्रमानं. धावतं आधी."

माझा आवाज कसा आहे हे सांगत नाही. शाळेत समूहगीतात बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. पण त्या गेटापाशी, पंचवीस-तीस अनोळखी माणसांच्या देखत, एका पायात चप्पल घालून मी बाबलकाकांचा गजर सुरू केला. पहिल्यांदा कोणीतरी फिस्सकन हसलं. दुसऱ्या ओळीला एका कामगारानं टाळी धरली. अण्णांनी गेट सोडलं नाही, पण मान वळवली. मी गात गात एक पाऊल मागे घेतलं. ते एक पाऊल आले. असं आम्ही निघालो. मार्केटपर्यंत धावतं, डेअरीपर्यंत चालतं. शेवटचे तीन तुकडे मला नीट येत नव्हते, तिथे मी नुसतं गुणगुणलो. घसा बसला होता, त्यामुळे ते बाबलकाकांसारखं झालं असावं.

घरी प्रकाश येऊन बसला होता. "दादा, आज ते गेटाशी थांबले," तो म्हणाला. "उद्या हायवेला गेले तर?" चूक माझी होती, पण हायवे खरा होता. त्यानं येत्या शनिवारी फॉर्म घेऊन यायचं ठरलं. आई आत निघून गेली.

शनिवारी चारला प्रकाश आला, फॉर्म टेबलावर ठेवला. ताईही आल्या होत्या. डबा त्यांनी रिकामा करून पुन्हा अकरा तुकड्यांचा केला होता, नवी वायर आणली होती. अण्णा उठले. ताईंनी त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि स्वतःचा काढून प्रकाशसमोर धरला.

"आज तुम्ही जा."

"मी? मला काही यातलं कळत नाही."

"विजयभाऊंनाही कळत नाही. त्यांना जमलं." हे कौतुक होतं की काय, ते मी अजून ठरवलेलं नाही. "फक्त मागे ओढायचं नाही. ते जातील तसं जायचं."

ते दोघे गेले. ताई आणि मी खाली गेटाजवळच्या बाकावर बसलो. मी विचारलं, "होईल ना नीट?"

"माहीत नाही. त्या रविवारची भीती त्यांच्या पायात असेल. नावं जातात हो, भीती राहते." त्यांच्या हातात फुटाण्यांचा पुडा होता, पण तो उघडला नव्हता. छत्तीस मिनिटं झाली. चाळीस झाली. मी उठलो. त्यांनी माझी बाही धरून खाली बसवलं. पंचेचाळीस. त्यांनी न उघडलेला पुडा पिशवीत टाकला.

पन्नासाव्या मिनिटाला ते दोघे वळणावर दिसले. अण्णा अगदी सावकाश चालत होते आणि त्यांच्या हातात मुळ्याची जुडी होती. प्रकाशच्या हातात दोन. "भाजीवाल्यापाशी थांबले," प्रकाश म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. "घ्यायलाच लावली. दादा, शेवटच्या गाण्यात तो काका खोकतो ना, तिथे अण्णा उभे राहतात. त्याचं खोकून होईपर्यंत. मग पुढे निघतात. तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. पंधरा दिवस मी दर वेळी तिथे त्यांच्याबरोबर थांबलो होतो आणि मला वाटत होतं, म्हाताऱ्याला धाप लागली.

वर गेल्यावर "इलंय गो" झालं, "पाय धुवा" झालं. प्रकाशनं टेबलावरचा फॉर्म उचलला, चौघडी करून खिशात घातला. "शनिवार-रविवार मी येत जाईन," म्हणाला. "तुझं काही खरं नाही, तू परत गाणी भरशील." आईनं त्या रात्री मुळ्याची भाजी केली. कोणालाच आवडत नाही आमच्याकडे. सगळ्यांनी खाल्ली.

अण्णा आणखी दीड वर्ष घरी होते. चालणं हळूहळू आखडत गेलं. सेक्टरऐवजी सोसायटीचं आवार, मग जिन्याचा कठडा, मग खिडकीपर्यंत. ताई सुरुवातीची गाणी एकेक करून काढत गेल्या. शेवटी खाटेवर फक्त बसते तीन तुकडे उरले होते. अशाच एका दुपारी ते गेले. आई जवळ होती.

पंधरवड्यानं निर्मलाताई आल्या. सांत्वनाचं काही बोलल्या नाहीत. त्यांचा एक नियम होता, एकाची गाणी दुसऱ्याला द्यायची नाहीत. डबा घरच्यांसमोर पुसायचा आणि मगच पुढे न्यायचा. त्यांनी आईला विचारलं, "पुसू?"

आई म्हणाली, "ह्यात बाबलभावजींचो आवाज आसा मा?" तेव्हा आमच्या ध्यानात आलं की दीड वर्षात आईनं ते ऐकलंच नव्हतं. ती कायम आतून उत्तर द्यायला घरी असायची. ताईंनी तिच्या कानाला हेडफोन लावला. काढून टाकलेले पहिले आठ तुकडेही त्यांनी परत घातलेले होते. आई छत्तीस मिनिटं भिंतीला टेकून ऐकत बसली. संपल्यावर हेडफोन काढून म्हणाली, "काय बेसूर गातत रे भावजी! आणि हे माका म्हणायचे, तुका सूर कळत नाय." मग पदरानं डोळे पुसले आणि डबा ताईंच्या हातात दिला. "पुसा. कोणाक तरी लागात." ताईंनी आमच्यासमोर तो पुसला.

मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. मुलुंडची बस आली, त्या चढल्या, खिडकीशी बसल्या. पिशवी मांडीवर. त्यातून त्यांनी अण्णांचा डबा काढला आणि हेडफोन कानाला लावला. मी खालून ओरडलो, "अहो ताई, पुसलात ना तो? रिकामा आहे!"

"तेच बघतेय," त्या म्हणाल्या. "कधीकधी काहीतरी मागे राहतं. शेवटपर्यंत ऐकावं लागतं."

त्यांनी डोळे मिटले. कंडक्टरनं घंटी दिली. बस वळणावर गेली तेव्हा मला खिडकीतून त्यांचा हात दिसला. पिशवीवर ठेवलेला. त्या रिकाम्या डब्याबरोबर त्यांची दोन बोटं ताल धरत होती, आधी भरभर, आणि बस लांब जाता जाता सावकाश.